निळ्या पट्टीच्या दोन बाटल्या

"भाऊ, तुम्हाला हे खरं वाटणार नाही. कोणालाच वाटत नाही. पण कपभर लघवीसाठी माझ्या भाचीने अख्खं स्टेडियम चार तास उघडं ठेवायला लावलं होतं," मामा औषधांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटावर कोपर टेकवून म्हणाले. औषधवाल्याने चिठ्ठीवरची नजर वर केली नाही, पण त्याचा ओठ किंचित हलला आणि मामांना तेवढं पुरेसं होतं. बॉक्सिंगचा अंतिम सामना जिंकून पोरगी रिंगमधून उतरते न उतरते तोच गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक बाई समोर उभ्या राहिल्या, तुमची डोप टेस्ट आहे म्हणाल्या आणि तिथून पुढे सावलीसारख्या चिकटल्या. "वजनात बसायचं म्हणून पोरीने दोन दिवस घोटघोट पाण्यावर काढलेले, त्यात वर नऊ मिनिटं मारामारी. अंगात थेंब कुठला? बसलो आम्ही. ती, मी, कोच आणि त्या बाई. सीलबंद पाण्याने भरलेला एक फ्रिज आणि एक गळका नळ. सतरा बाटल्या प्यायली, भाऊ. सतरा! शेवटी झाली एकदाची, तर तिथल्या डॉक्टरांनी ती यंत्रावर तपासली, मान हलवली आणि म्हणतात, फार पातळ आहे, पुन्हा द्यावी लागेल. मी म्हटलं, साहेब, चहा आहे का तो, पातळ म्हणून परत पाठवायला?"

ही गोष्ट मामांनी पहिल्यांदा सांगितली तेव्हा बाटल्या पाच होत्या. वीस दिवसांत त्या सतरावर गेल्या होत्या, आणि सगळं मामांच्या मनासारखं चाललं असतं तर महिनाअखेर पंचवीसचा आकडा सहज गाठला असता. पण औषधवाल्याने कात्रीने गोळ्यांची पट्टी कापता कापता, अगदी सहज, उरलेल्या सुट्ट्या पैशांऐवजी गोळी-चॉकलेट पुढे करावं तशा आवाजात म्हटलं, "ही तुमची अंगातलं पाणी उतरवायची गोळी. रोज सकाळी एक. आणि मामा, घरात जरा जपून ठेवा. खेळाडूंना ही चालत नाही."

"का? एवढीशी तर आहे."

"बंदी आहे हिच्यावर. वजन झटपट उतरवायला घेतात काही जण. आणि दुसरं काही घेतलेलं असेल तर ते धुऊन काढायलाही. सापडलं की दोन वर्षं, चार वर्षं घरी बसायचं."

"पण समजा चुकून गेली. एखादा घोट."

"कणभर पुरे होते म्हणतात. हल्लीची यंत्रं तळ्यात टाकलेला साखरेचा दाणा शोधतात." औषधवाला हसला. "पुढे काय झालं? दुसऱ्यांदा झाली का मग?"

"झाली," मामा म्हणाले, आणि त्यांच्या ओळखीतल्या कोणी कधी पाहिलं नव्हतं असं घडलं. ते गोष्ट अर्धी टाकून दुकानाच्या पायऱ्या उतरले.

फूटपाथवर नेहमीसारखी दुपार होती. चाव्या करून देणारा कानस घासत होता, एक बाई सायकलला पिशव्या अडकवून ती ढकलत नेत होती, आणि मामांच्या डोळ्यांसमोर चिकटपट्टीचा एक तुकडा होता. निळा. त्यांनी तो स्वतः दातांनी तोडला होता. दातांना लागलेल्या गोंदाची चव आत्ता, वीस दिवसांनी, जिभेवर आली. गेली सहा वर्षं भाचीच्या पाण्याच्या बाटलीवर लाल पट्टी असायची आणि मामांच्या स्वतःच्या बाटलीवर निळी. चुकामूक नको म्हणूनच तर होती. पण त्या दिवशी अंतिम सामन्याला रिंगचा निळा कोपरा वाट्याला आला आणि मामांच्या अंगातला टापटिपीचा किडा वळवळला. कोपरा निळा म्हटल्यावर टॉवेल निळा, बादली निळी, मग बाटलीनेच काय घोडं मारलंय? त्यांनी तिच्या बाटलीची लाल पट्टी सोलून निळी डकवली आणि लांबून पाहून स्वतःवर खूश झाले. एका पिशवीत दोन बाटल्या, दोन निळ्या पट्ट्या. एकीत पाणी. दुसरीत पाणी आणि मामांची सकाळची गोळी.

गोळी पाण्यात का, याचं खरं कारण जगात एकाच माणसाला, मामांच्या बायकोला, माहीत होतं आणि ती आता नव्हती. मामांना गोळी गिळता येत नसे. भुवई फुटलेली पाहून ज्यांच्या हाताला कंप सुटला नाही, तुटलेलं नाक दोन अंगठ्यांत धरून जे सरळ करत, त्यांचा गळा वाटाण्याएवढ्या गोळीपुढे दार लावून घेई. बायको होती तोवर ती चमच्याच्या पाठीने गोळी चुरायची, आणि चुरताना इतकी हसायची की निम्मी पूड टेबलावर सांडायची. ती गेल्यावर मामांनी बाटलीची युक्ती काढली. सकाळी गोळी पाण्यात टाकायची आणि दिवसभर घोटघोट संपवायची. कडू लागायचं. आयुष्यात ज्या माणसाने स्वतःबद्दल हजार गोष्टी फुगवून सांगितल्या, त्याने ही एक तेवढी कोणालाच सांगितली नव्हती.

आणि दुसऱ्या फेरीनंतरचं ते एक मिनिट. घंटा झाली, मामांनी स्टूल आत सरकवलं, पोरगी त्यावर आदळली, कोच तिच्यासमोर वाकून डावा हात वर ठेव, डावा वर ठेव असं एकच वाक्य घोकत राहिला. मामांनी तिच्या तोंडातलं माउथगार्ड काढलं, मानेवर बर्फाचा टॉवेल टाकला, मागे हात घालून पिशवीतून बाटली ओढली आणि तिच्या ओठांना लावली. कोणती? सिग्नल लागला, माणसं रस्ता ओलांडून गेली, सिग्नल सुटला, पुन्हा लागला, मामा कडेलाच उभे. तिची बाटली बर्फात ठेवलेली, म्हणजे गार. त्यांची स्वतःची कोमट. मग हाताला काय लागलं होतं, गार की कोमट? त्यांनी तळहात डोळ्यांसमोर धरला, जणू तो साक्ष देणार होता. पण हात त्याच्या आधी टॉवेलातल्या बर्फात होता, बोटं बधिर होती, त्यांना निखारा दिला असता तरी कळला नसता. बरं, वजन? तिची बाटली भरलेली असणार, त्यांची अर्धी झालेली. पण ती पहिल्या फेरीनंतरही प्यायली होती, म्हणजे तिचीही अर्धीच. मामांचं डोकं त्या एका मिनिटाभोवती फिरत राहिलं. मिनिट तेवढंच होतं. त्यात घंटा, बर्फ, कोचचा आवाज, पलीकडच्या कोपऱ्याला झुकतं माप देणारा पंच आणि त्याच्याकडे पाहून मामांनी दिलेल्या चार ठसठशीत शिव्या, एवढं सगळं स्वच्छ दिसत होतं. बाटली तेवढी धूसर.

ते चालायला लागले तशी एक दिलाशाची गोष्ट सुचली. पाणी उतरवायची गोळी पोटात गेली असती तर पोरगी चार तास बसली असती होय? दहा मिनिटांत पळाली असती. स्वतः मामा सकाळच्या बाटलीनंतर गल्लीतल्या सगळ्या सार्वजनिक मुताऱ्या नकाशावर दाखवू शकले असते. म्हणजे नाहीच गेली. त्यांना एवढं बरं वाटलं की त्यांनी चालता चालता दुकानाच्या काचेत केस सारखे केले. आणि त्याच काचेत त्यांना तो डॉक्टर मान हलवताना दिसला. फार पातळ आहे. का पातळ? ज्या वाक्यावर ते वीस दिवस लोकांना हसवत होते, तेच वाक्य वळून उभं राहिलं. पातळ का, मामा? सतरा बाटल्यांमुळे? पण सतरा कुठे होत्या? खऱ्या पाच. पाच बाटल्यांनी एवढं पातळ होतं का? आपल्याच थापेमागे लपायला जावं आणि ती कागदाची निघावी, असं झालं.

आज निकालाचा दिवस होता. डाक खात्याने भाचीला खेळाडूंच्या जागेवर घ्यायचं ठरवलं होतं. नेमणुकीचं पत्र तयार होतं, फक्त तपासणी स्वच्छ आल्याचा निरोप मिळाला की त्यावर सही होणार होती. बहीण इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या वाफेत सोळा वर्षं उभी होती. तिने वरिष्ठांना सांगूनही टाकलं होतं, आणखी दोन महिने, मग मी येत नाही. चार वर्षं. चार वर्षांनी पोरगी सत्तावीसची होईल. आणि बंदीपेक्षा वाईट ते लोकांचं बघणं. जिने सर्दीची गोळीसुद्धा कोचला दाखवून घेतली, तिच्याकडे बघून कोणीतरी म्हणणार, तरीच जिंकली. कोणी मामांकडे बघणार नाही. मामांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

जिममध्ये रबराचा, घामाचा आणि मलमाचा तो जुना वास होता, ज्यात मामा इतर वेळी घरात शिरावं तसे शिरत. त्यांची जागा खिडकीखाली. बॅगांच्या कारखान्यात तीस वर्षं चामडं शिवल्यावर आता ते इथे फाटलेले ग्लोव्ह शिवत, आणि सामन्याच्या दिवशी कोपऱ्यात उभे राहत. त्यांनी आरी घेतली, दोऱ्याला मेण लावलं आणि एक ग्लोव्ह मांडीवर ओढला. कोच भिंतीला टेकून वजनाचे आकडे लिहीत होता. फोन त्याच्या शेजारी बाकावर पालथा.

"आला का?" मामांनी विचारलं.

"पाचपर्यंत फोन करते म्हणाल्यात संघटनेच्या सेक्रेटरीबाई."

मामांनी चार टाके घातले. मग आरी खाली ठेवली. "कोच, एक सांगायचंय. तुला खरं वाटणार नाही."

"नाहीच वाटणार," कोच लिहिता लिहिता म्हणाला. "बोला."

मामांनी सांगितलं. गोळी, बाटली, निळी पट्टी, दुसरी फेरी. कुठेही मीठमसाला नाही. सांगताना त्यांचं त्यांनाच जाणवत होतं की गोष्ट लंगडी पडतेय, तिला ना सुरुवातीचा झटका ना शेवटची टाळी. खरं सांगायची जिभेला सवयच नव्हती. कोचने शेवटी वही मिटली आणि तो मनापासून, पोट धरून हसला.

"वा मामा! गोळी गिळता येत नाही म्हणे! तुम्हाला! अहो, गेल्या महिन्यात तुम्हीच सांगितलंत ना, तरुणपणी पैज मारून खिळा गिळला होता म्हणून?"

"ते... खिळा लहान होता."

"आणि तो अकरा बोटांचा बॉक्सर? ज्याच्या ग्लोव्हला तुम्ही जादा खोली शिवून दिली होती?"

"अरे, हे खरं आहे. शप्पथ."

"तुमचं सगळंच खरं असतं. पण आज नको, मामा. आज पोरीचा निकाल आहे, तिच्या कानावर असलं काही पडलं तर उगाच धसका घेईल. संध्याकाळी सांगा, मी स्वतः चहा पाजतो." त्याने मामांच्या खांद्यावर थाप मारली आणि तो दोरीवरच्या उड्या मोजायला गेला.

मामांनी ग्लोव्ह पुन्हा मांडीवर घेतला. त्यांना राग कोचचा आला नाही. एक फार जुनी दुपार आठवली. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते आणि आयुष्यातला एकुलता एक सामना खेळून, नाकात कापूस कोंबून घरी आले होते. समोरचा त्यांच्याहून वीतभर बुटका होता. दीड फेरीत खेळ आटोपला. धाकटी बहीण दारात उभी होती, आठ वर्षांची, तिला नाकातलं रक्त दिसलं आणि तिचा ओठ थरथरू लागला. आता ही रडणार, आणि हिच्यामागून आपण. तेव्हा ते पटकन म्हणाले, तुला खरं वाटणार नाही, तो दारात मावत नव्हता एवढा होता, वाकून आत आला. बहिणीचा ओठ थांबला. डोळे मोठे झाले. मग? ती म्हणाली. त्या 'मग'ने मामांचं आयुष्य ठरवून टाकलं. दुखणारी वस्तू दुप्पट केली की ती दुसऱ्याची होते आणि आपल्याला लागेनाशी होते, हे त्यांना त्या दारात कळलं. त्यानंतर त्यांनी कारखाना मोठा केला, मालक राक्षस केला, बायकोच्या आजारपणातसुद्धा इस्पितळाला इतके मजले चढवले की ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळायची. आज प्रथमच एक गोष्ट होती ती तेवढीच ठेवायची होती, एका बाटलीएवढी, आणि ती घ्यायला कोणी हात पुढे करत नव्हतं.

भाची आली ती पळून आलेली, कपाळावर केस चिकटलेले. "मामा, आला का फोन?"

"नाही अजून."

"तू असा का बसलायस? पाय दुखतायत?"

"छे." आता सांगावं. आत्ताच, फोनच्या आधी, म्हणजे निदान तिला आपल्या तोंडून कळेल. शब्द जिभेवर आले, गळ्याशी गेले, आणि गळ्याने नेहमीप्रमाणे दार लावून घेतलं. ती शेजारी बाकावर बसून हाताच्या पट्ट्या गुंडाळू लागली. अंगठ्याभोवती एकदा, मनगटाभोवती तीनदा, बोटांच्या बेचक्यांतून. ही पद्धत मामांनीच शिकवलेली. ती सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा इथे आली तेव्हा पट्टी बांधताना मामांनी तिला सांगितलं होतं की पूर्वीचे बॉक्सर पट्टीत चुंबक लपवायचे. तिने शांतपणे विचारलं होतं, मग ग्लोव्ह रिंगच्या खांबाला चिकटायचा नाही का? मामांनी तेव्हा पट्टीचा एक वेढा उगाच जास्त घातला होता. आताही तिच्या हातांकडे बघताना त्यांना वाटलं, हे हात टपाल वाटतील. दारं वाजवतील. चांगले हात आहेत. देवा, फोन वाजू दे. नको, वाजू नको.

वाजला.

कोच तीन ढांगांत बाकापाशी आला. जिममध्ये चार-पाच जण होते ते जागच्या जागी थांबले, फक्त ठोसे मारायची एक पिशवी साखळीला करकरत झुलत राहिली. "हो बाई. बोलतोय. हो." मामा कोचच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, ते त्याच्या बुटांकडे बघत होते. डाव्या बुटाची नाडी सुटलेली. "हो... दोन्ही नमुने? बरं... बरं." ती नाडी मामांनी जन्मभर लक्षात राहील इतकी पाहिली. तिच्या टोकाचं प्लॅस्टिक निघालेलं होतं, धागे पिंजारले होते. "आभारी आहे, बाई. सांगतो तिला."

"स्वच्छ," कोच म्हणाला. "काहीही नाही. पत्र उद्या निघतंय."

आरडाओरडा झाला. कोणीतरी भाचीला उचललं, कोणीतरी घंटा बडवली. मामा उठले नाहीत. पाठीतून काहीतरी हळूहळू निथळू लागलं, मानेपासून खाली, एकेका मणक्यावर टेकत. कान उघडले. चाव्यावाल्याची कानस इतक्या लांबून ऐकू येते? हवेत मलमाचा वास होता, तो पुन्हा घरचा झाला. बहीण आत्ता चादरी घड्या करत असेल, तिला कळायचंय अजून, आणि तिला कळायचंय याचाही त्यांना आनंद झाला, जणू एक अख्खा आनंद कपाटात शिल्लक आहे. त्यांनी खिशातला रुमाल काढून नाक शिंकरलं. खूप मोठ्याने. मग त्यांना भूक लागली. मग हसू आलं. त्या बाटलीचं, त्या पट्टीचं, दोन तास आपण तळहाताची उलटतपासणी घेत होतो त्याचं. बाटली बरोबर होती. गारच होती. अर्थातच गार होती!

भाचीने त्यांना मिठी मारली, घामासकट. "मामा, रडतोयस?"

"मेण गेलं डोळ्यात."

"आता सांगा, मामा," कोच खुर्ची उलटी घालून तिच्यावर बसला. तो आज उदार होता. "दुपारची ती गोष्ट. गोळीची. चहा सांगितलाय." बाकीचेही सरकून आले. डावखुरा म्हणून ओळखला जाणारा थोराड पोरगा जमिनीवरच मांडी घालून बसला. "मामा, त्या सतरा बाटल्या का?"

"त्या वेगळ्या," मामा म्हणाले. "ही त्याच्या आधीची. तुम्हाला खरं वाटणार नाही." आणि त्यांना जाणवलं की आवाज परत आलाय, पोटातून, रुंद, पॉलिश केलेला. त्यांनी गोळी सांगितली, दोन निळ्या पट्ट्या सांगितल्या, कारण आता सांगायला काय हरकत होती? भीती दारात मावत नव्हती एवढी होती, आणि ती आता वाकून बाहेर गेली होती. कोचचं हसू ऐकता ऐकता जरा पातळ झालं, भाचीचे पट्ट्या सोडणारे हात थांबले, पण मामा आता कोणासाठी थांबणारे नव्हते. "दुसरी फेरी संपली. पोरगी स्टुलावर. मी हात मागे घातला आणि बाटली काढली. तिच्या ओठांना लावणार, तेवढ्यात, तळहाताला काय लागलं? कोमट! बर्फात बधिर झालेली बोटं, तरी एका क्षणात ओळखलं. ही माझी! विषाची! थेंब निघालाय, ओठापासून दोन बोटांवर आलाय, आणि मी असा, असा झडप घालून हवेतल्या हवेत तो थेंब तळहातावर झेलला! दुसऱ्या हाताने खरी बाटली लावली. पंचाला कळलं नाही, कोचला कळलं नाही, या पोरीला तर..."

"खोटं!" भाची म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती हसत होती, पण डोळे मामांवर रोखलेले.

"झडप कसली, मामा? तू ती बाटली चांगली अख्खी माझ्या तोंडात रिकामी करत होतास. कडूजहर. मी बादलीत थुंकले, खाकरून सगळं बाहेर काढलं, कोचकडची सीलबंद बाटली ग्लोव्हांत धरून दातांनी फोडून तीनदा चूळ भरली आणि तुझी बाटली तुझ्याच पिशवीत कोंबली. हे सगळं तुझ्या नाकासमोर झालं. तू तेव्हा दोरावर वाकून पंचाच्या खानदानाची चौकशी करत होतास!"